प्रोफाइलमध्ये नुसतं "प्रोफेशनल" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय घ्यायचा?

पहिलं_गेट

टिंडर, बंबल, हिंज, नाहीतर वधू-वर मंडळांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, कुठंही बघा. बेळगाव-निपाणी-खानापूरकडच्या प्रोफाइलींत एक शब्द ठरलेला आहे: प्रोफेशनल. कुणी "वर्किंग प्रोफेशनल", कुणी "यंग प्रोफेशनल", कुणी खाली दम दिल्यासारखं "ओन्ली प्रोफेशनल्स". काम काय ते मात्र कुठंच नाही. घरातल्या मोठ्यांना विचारलं तर म्हणतात प्रोफेशनल म्हणजे व्यावसायिक, दुकान-धंदा असणार. अ‍ॅप वापरणारी पोरं म्हणतात, छे, नोकरीवाला.

हा शब्द वाचून नेमकं काय धरायचं, खरं-खोटं कसं तपासायचं, आणि आपल्या प्रोफाइलमध्ये त्याच्या जागी काय लिहायचं? "शब्द सोडा, माणूस बघा" असली उत्तरं कृपया नकोत. माणूस भेटायच्या आधी हातात शब्दच असतो की ओ.

जुना_धारवाड_रोड

मोठेही बरोबर आणि पोरंही बरोबर. मराठीत "व्यावसायिक" दोन ठिकाणी राबतो. हौशीच्या उलट तो व्यावसायिक, जशी हौशी रंगभूमी आणि व्यावसायिक रंगभूमी. नोकरदाराच्या उलटही तोच. इंग्रजीतला जुना अर्थ तिसराच: ज्याच्याकडं ठरावीक शिक्षण, परवाना आणि फी आहे तो, म्हणजे वकील, डॉक्टर, सीए. अ‍ॅपवर या तिन्हींपैकी एकही अर्थ बहुतेक वेळा नसतो. तिथं प्रोफेशनल म्हणजे "डिग्री झाली, महिन्याला पगार येतो, घरी पैसे मागत नाही" एवढंच.

आपल्याकडं त्यात कन्नडची भर पडते. लेखी कन्नडात "व्यवसाय" म्हणजे शेती, "उद्योग" म्हणजे नोकरी आणि "वृत्ती" म्हणजे पेशा. मराठीत व्यवसाय म्हणजे धंदा, उद्योग म्हणजे कारखाना (नाहीतर नसते उद्योग), आणि वृत्ती म्हणजे स्वभाव. तिन्ही शब्द दिसायला तेच, अर्थ तिन्हींचे वेगळे. म्हणून चिकोडी-हुक्केरीकडच्या बायोडाटावर "उद्योग: खासगी" दिसलं तर कारखान्याचा पत्ता शोधत बसू नका, मुलगा खासगी नोकरीत आहे. "व्यवसाय" या रकान्यापुढं 4 एकर 20 गुंठे लिहिलं असेल तर रकाना चुकलेला नाही. बोलताना कन्नड माणूस शेतीला ओक्कलुतन म्हणेल, व्यवसाय हा कागदावरचा शब्द. असा कागद इंग्रजीत उतरवताना प्रत्येकजण आपापल्या अंदाजानं शब्द घालतो, आणि अंदाज जमला नाही की "प्रोफेशनल" घालून मोकळा होतो.

म्हणून शब्दाच्या मागं न लागता पैसा कसा येतो ते विचारावं: पगार, फी, बिल की गल्ला? पगारवाल्याची तारीख आणि सुट्टी दोन्ही ठरलेली. फीवाल्याची सुट्टी पेशंट किंवा अशील ठरवतो. सीए असेल तर जुलै ते ऑक्टोबर रिटर्न आणि ऑडिटच्या तारखांत तो सापडत नाही, तेव्हा भेट ठरवून रुसू नये. बिलवाला काम आज करतो, पैसे दोन-तीन महिन्यांनी बघतो. गल्लेवाल्याकडं रोज पैसा असतो, पण दुकान सोडून उठता येत नाही. अ‍ॅपवर चौघंही "प्रोफेशनल". चौघांबरोबरचा आठवडा मात्र अगदी वेगवेगळा जातो.

व्हीएमसी_सेटर

वरचं "बिल" उद्यमबागच्या, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागातल्या भाषेत उलगडून सांगतो, कारण इथं सगळ्यात जास्त गफलत त्यात होते.

उद्यमबाग, मच्छे, होनगा इथला माणूस "प्रोफेशनल" किंवा "इंजिनिअर" लिहितो तेव्हा तो आयटीआय टर्नर असेल, डिप्लोमा झालेला क्वालिटीचा माणूस असेल, बीई झालेला डिझायनर असेल, नाहीतर शेडमध्ये दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातूकामाची मशीनं) लावून जॉबवर्क करणारा मालक. इंजिनिअर म्हणवून घ्यायला डॉक्टर-वकिलासारखी कौन्सिलची नोंदणी आपल्या देशात लागत नाही. त्यामुळं तो शब्द कुणीही लिहिला तरी खोटा ठरत नाही आणि त्यातून काही कळतही नाही.

नोकरीवाला असेल तर पहिला प्रश्न: कंपनीच्या रोलवर (थेट कंपनीचा माणूस) की कॉन्ट्रॅक्टवर? दुसरा: जनरल शिफ्ट की फिरती? सेकंड शिफ्ट साधारण दुपारी 3 ते रात्री 11. बऱ्याच शॉपमध्ये मशीनपाशी फोन चालत नाही, तो लॉकरमध्ये राहतो. बंबलवर मॅच झाली की 24 तासांत बोलणं सुरू व्हावं लागतं आणि समोरच्यालाही उत्तराला 24 तासच मिळतात. शिफ्टवाल्याची मॅच अशी झोपेत निघून जाते. तो नकार समजू नये.

मालक असेल तर जॉबवर्कचा हिशोब समजून घ्या. माल गिऱ्हाइकाचा, मशीन आणि माणूस याचा, दर नगावर. लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्यात लेखी करार असला तरी पैसे द्यायला जास्तीत जास्त 45 दिवस आहेत. प्रत्यक्षात गाडी किती पुढं जाते ते शेडवाल्याला विचारा. त्यात मशीनचा हप्ता दर महिन्याला ठरलेल्या तारखेला. असा माणूस "या महिन्यात जरा ओढाताण आहे" म्हणाला तर लगेच भिकेला लागला असं नव्हे, आणि मोटारीत बसून फोटो टाकला म्हणून श्रीमंतही नव्हे. त्यानं खरं तर "स्वतःचं मशीन शॉप" लिहायला हवं. लिहीत नाही, कारण मुलीकडच्यांच्या अपेक्षेत "नोकरदार" असतं आणि वर्कशॉप म्हटलं की डोळ्यांपुढं तेलकट हात येतात. शेती हवी पण शेतकरी नको, त्यातलाच प्रकार.

शहापूरची_अक्का

दादा, सगळं पुरुषांच्या बाजूनं चाललंय. बाईनं "प्रोफेशनल" एवढंच लिहिलं तर ती लपवते असं धरू नका, ती स्वतःला जपते.

बेळगावसारख्या गावात हुद्दा, कामाचं ठिकाण आणि पहिलं नाव एवढ्यावर माणूस सापडतो. "फिजिओथेरपिस्ट, टिळकवाडी" असं लिहिलं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी पाठदुखी घेऊन दारात हजर. बँकेतली मुलगी काउंटर सोडून पळू शकत नाही, शाळेतल्या बाईंना पालक ओळखतात, नर्सची ड्युटी कधी संपते ते गेटवर उभं राहिलं की दिसतं. अशा चौघींनी प्रोफेशनल लिहिलं तर तो शब्द खिडकीच्या पडद्यासारखा वाचावा.

मात्र पडदा कुठवर ठेवायचा याला माप आहे. प्रोफाइलवर क्षेत्र लिहावं: "आरोग्य", "शिक्षण", "बँकिंग". चार-पाच दिवस बोलणं झालं की कामाचं स्वरूप सांगावं. संस्थेचं नाव पहिल्या भेटीनंतर. पहिली भेट स्वतःच्या ऑफिसजवळच्या हॉटेलात ठेवू नये, आणि आयडी कार्डाची दोरी गळ्यात घेऊन फोटो टाकू नये. कार्ड उलटं फिरवलं तरी दोरीवर कंपनीचं नाव छापलेलं असतं. हिंजवर कामाच्या ठिकाणाचा रकाना वेगळा आहे, तो लपवता येतो. टिंडरवर हुद्दा आणि कंपनी हाताने लिहायची असते, तिथं काहीच न लिहिलेलं बरं.

समोरचा दुसऱ्याच मेसेजला "कुठल्या ब्रँचला?" विचारत असेल तर त्याला नोकरीत रस आहे की पत्त्यात, ते ओळखावं.

आणि "ओन्ली प्रोफेशनल्स" बद्दल: जात-पात लिहायची लाज वाटते, आर्थिक थर सांगायचा असतो, तेव्हा हा शब्द पुढं करतात. तो वाचून आपण बसतो की नाही असा विचार करत बसू नये. सरळ पुढची प्रोफाइल.

मलप्रभा_काठ

तपासायचं कसं हा भाग राहिला. प्रोफाइलवरची निळी खूण बहुधा चेहरा फोटोशी जुळतो एवढंच सांगते. हुद्दा कुणीही तपासलेला नसतो.

फीवाले सगळ्यात सोपे, कारण त्यांची यादी असते. एमबीबीएस डॉक्टर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या रजिस्टरमध्ये किंवा कर्नाटक मेडिकल कौन्सिलमध्ये सापडतो, आणि नोंदणी क्रमांक त्याला दवाखान्यात आणि प्रिस्क्रिप्शनवर द्यावाच लागतो. बीएएमएसची यादी वेगळी, तिथं नाव नाही म्हणून बोगस ठरवू नका. वकिलाची नोंद राज्याच्या बार कौन्सिलकडं. एलएलबी झालेला पण सनद (वकिलीचा परवाना) न घेतलेला माणूस वकील नव्हे. सीए इंटर पास झालेला अजून सीए नव्हे, संस्थेचा सभासद झाल्यावरच नावामागं ती अक्षरं लावता येतात. गंमत आर्किटेक्टची: त्याचा नोंदणी क्रमांकच "सीए" या अक्षरांनी सुरू होतो, मग तिरकी रेघ, वर्ष, आकडा. तो पाहून "मुलगा सीए पण आहे" असं समजणारी माणसं आहेत.

गल्लेवाल्यासाठी जीएसटी क्रमांक. नोंदणी असेल तर तो दुकानाच्या पाटीवर लावणं बंधनकारक आहे. पहिले दोन आकडे राज्याचे: कर्नाटक 29, महाराष्ट्र 27. पोर्टलवर क्रमांक टाकला की धंद्याचं नाव, नोंदणीची तारीख आणि ती चालू आहे की रद्द, एवढं फुकट दिसतं. "बेळगावात शोरूम" म्हणणाऱ्याचा क्रमांक 27 ने सुरू होत असेल तर मूळ नोंदणी पलीकडं चंदगड-गडहिंग्लजकडं असू शकते. दोन्हीकडं वेगळी नोंदणी असणंही सीमेवर नेहमीचं. विचारलं की झालं. आणि क्रमांकच नाही म्हणजे फसवणूक असंही नाही, सेवा देणाऱ्याला वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही.

पगारवाल्याचं तपासणं अवघड, आणि डेटिंगमध्ये करूही नये. पगारपत्रक मागायचं ते लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर, दोन्ही बाजूंनी.

निपाणी_नाका

पगारपत्रकावर "प्रोफेशनल टॅक्स 200" अशी ओळ असते, ती दाखवून "बघा, सरकार मला प्रोफेशनल मानतं" म्हणणारे भेटतील. त्यांना सांगा, तो कर पेशा, धंदा, कसब आणि नोकरी सगळ्यांवर आहे. कर्नाटकच्या 1976 च्या कायद्याच्या नावातच चारही शब्द आहेत. ड्रायव्हरचा पगार बसत असेल तर त्याचाही कापतात. घटनेच्या 276 व्या कलमानं वर्षाला 2,500 ची मर्यादा घातली आहे, त्यामुळं कितीही मोठा साहेब असला तरी आकडा तोच.

उपयोग एवढाच: 2023 च्या एप्रिलपासून कर्नाटकात महिना 25,000 च्या खालच्या पगारावर हा कर नाही. म्हणजे इथल्या नोकरीत 200 कापले जात असतील तर पगार निदान तेवढा आहे. पलीकडं कागल-कोल्हापूरकडं कामाला जाणाऱ्याला हा हिशोब लावू नका. महाराष्ट्रात पुरुषाला 10,000 च्या वर गेलं की 200 बसतात, बाईला 25,000 पर्यंत माफ.

पहिलं_गेट

कर कळला, मंडळी. पण "आयटी प्रोफेशनल, बेळगाव" याचं काय? इतक्या आयटी कंपन्या इथं आहेत कुठं? आणि वर्दीतले "डिफेन्स प्रोफेशनल" पण बरेच दिसतात.

जुना_धारवाड_रोड

आयटीवाल्याचा अंतराचा आकडा बघा, हुद्दा नको. टिंडर हवाई अंतर दाखवतं, गोव्याकडचा चोर्ल्याचा घाट धरत नाही. समोरच्यानं अ‍ॅप उघडलं की आकडा बदलतो. शनिवारी 4 किलोमीटर आणि मंगळवारी 300 च्या आसपास असेल तर माणूस पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीला घरी येतो. 460 च्या आसपास असेल तर बेंगळुरू. आकडा महिनाभर हलला नाही तर घरून काम, तेव्हा विचारा की कायमचं घरून की कंपनीनं बोलावलं की जायचं. यात फसवणूक काही नाही, गाव विचारलं की तो गावच सांगतो. पण दर रविवारी रात्री नऊच्या बसला बसणाऱ्या माणसाशी रविवारचं जेवण ठरवून उपयोग नाही.

उलट बाजूही लक्षात घ्या. टिंडरवर अंतराची मर्यादा 160 किलोमीटरपर्यंत ताणली की पणजी, हुबळी, धारवाड, कोल्हापूर, सांगली सगळं त्यात येतं. पणजीतल्या लोकांना तुम्ही "80 किलोमीटर" दिसता. घाटातून तेच अंतर शंभराच्या वर जातं.

मलप्रभा_काठ

वर्दीबद्दल जरा कडक राहा. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळं वर्दीचा फोटो इथं कुणाला खटकत नाही, आणि फसवणारे त्याचाच फायदा घेतात. 2020 च्या जुलैमध्ये लष्करानं जवान-अधिकाऱ्यांना 89 अ‍ॅप फोनमधून काढायला सांगितली, त्यांत टिंडर आणि इतर डेटिंग अ‍ॅपही होती. म्हणून सेवेत असल्याचं सांगणारी वर्दीतली प्रोफाइल दिसली, त्यातून आयडी कार्डाचा फोटो न मागता पाठवला, तर संशय पक्का धरा. खरा जवान कार्ड पाठवत नाही.

दुसरा प्रकार: "प्रोफेशनल" च्या पुढं टेलिग्रामचा पत्ता, "मसाज", नाहीतर तासाचा दर. तिथं शब्दाचा अर्थ शोधत बसू नका. पाच मिनिटांत व्हिडिओ कॉलची घाई होते, तो रेकॉर्ड होतो आणि मग पैशाची धमकी येते. तिसरा: चार दिवस गोड बोलणं आणि पाचव्या दिवशी "आमची प्रोफेशनल टीम गुंतवणूक बघते". पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तासाभरात फोन करा. खात्यातून पुढं सरकायच्या आत रक्कम गोठवता येते, दिवस उलटला की ती दहा खात्यांत फुटलेली असते. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचा क्रमांक लागतो.

शहापूरची_अक्का

आता लिहायचं काय ते. बंबलला 300 अक्षरं, हिंजच्या एका उत्तराला 150, टिंडरला 500. म्हणजे सगळीकडं दोन ओळींत बसवावं. काम काय, वेळ कधी, राहणं कुठं, एवढ्या तीन गोष्टी आल्या की "प्रोफेशनल" ची गरज उरत नाही. कंपनीचं नाव नको, पगार नको, "पॅकेज" हा शब्द तर अजिबात नको. भाषा लिहावी, कारण इथं ती कामाइतकीच विचारतात: घरी मराठी, कामावर कन्नड, असं असेल तर तसं.

पहिलं_गेट

नमुना टाकतो, फाडा: "कास्टिंग कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. राहणं टिळकवाडी. घरी मराठी, कामावर कन्नड. मोकळा वेळ संध्याकाळी."

शहापूरची_अक्का

"टिळकवाडी" काढून नुसतं बेळगाव करा. बाकी बरं आहे.

व्हीएमसी_सेटर

"संध्याकाळी" खोटं ठरेल की ओ. क्वालिटीला शिफ्ट फिरते. "एक आठवडा संध्याकाळी, एक आठवडा रात्री 11 नंतर मोकळा, साप्ताहिक सुट्टी रविवार" असं लिहा. लांब होतंय, पण निदान तिसऱ्या दिवशी "तू रिप्लाय का देत नाहीस" यावरून वाजणार नाही.